लोकल फंडाचा हिशेब मागणारा महात्मा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. धानोरा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंत आणि पट पंधरा-सोळा मुलांचा. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गुरुजी पलीकडे आणि आम्ही अलीकडे! म्हणूनच महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र वाचताना मला सर्वांत जवळचा वाटला तो त्यांचा पैशाचा हिशेब.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. आई चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच वारली. लोकांचे ऐकून वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढले व मळ्याच्या कामाला लावले. शेजारचे गफार बेग मुनशी व लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. माझा थोरला भाऊ तिसरीतूनच गुरांमागे गेला. आमच्या बाबांची समजूत घालणारे कोणी भेटले नाही.

१८४८ साली जोतीरावांनी पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. पुढे १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा निघाली. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६ पासून जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा म्हणून त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन ठेवले. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामावर आणि तिचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला, हा अन्याय त्यांनी उघड केला. शेतकऱ्यांकडून घेतलेल्या लोकल फंडाचा निदान निम्मा भाग प्राथमिक शाळांना द्यावा, बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षकाला पोटापुरता पगार द्यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याची पद्धत मागासलेल्या लोकांच्या उपयोगाची नाही, हेही त्यांनी सांगितले. जिथे शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, तिथे निकाल कोठून येणार?

आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली. पण ज्या मुलखाचे उत्पन्नच तुटपुंजे, तिथल्या संस्थेने शाळा चालवावी कशी? जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. हा प्रश्न मात्र मागे राहिला.

त्या निवेदनानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ साली, चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा आला. तरी २०२३ साली वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाकडून पुढे आलाच. तो वाचून मला आमचा नाला आठवला. पंधरा घरांच्या टोल्यावर वीस मुले आणायची कोठून? शहरातल्या आणि जंगलातल्या शाळेला एकाच मापाने मोजणे वरवर समान दिसते, परंतु ते न्याय्य नाही. जिथे अडचण अधिक, तिथे मदतही अधिक हवी.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कुणी गुरुजी होईल, कुणी सरपंच. शाळेच्या निधीचा कागद समोर आला, तर सही करण्याआधी जोतीरावांसारखा एक प्रश्न अवश्य विचारू या : हा पैसा कोणाच्या घामाचा आणि पोचतो कोणाच्या लेकरापर्यंत?