विश्लेषण : ‘मूनलाइट सोनाटा’त चांदणे आहे तरी कुठे? बीथोव्हेनच्या गाजलेल्या रचनेमागे नेमके काय घडत होते?

पियानोवर संथपणे तीन-तीन स्वर वाजत राहतात. खाली खर्जात एक जड सूर हळूहळू सरकतो. थोड्या वेळाने वरच्या पट्टीत एकच स्वर पुन्हा पुन्हा ऐकू येतो. चित्रपटांत, रील्सच्या पार्श्वसंगीतात, शांत झोपेसाठीच्या प्लेलिस्टमध्ये ही धून अनेकांनी ऐकलेली असते. तिचे नाव ‘मूनलाइट सोनाटा’. मात्र हे नाव लुडविग व्हान बीथोव्हेनने दिलेले नाही आणि त्याच्या हयातीत ते रूढही नव्हते. १८०१ मध्ये ही रचना लिहिली, तेव्हा ३० वर्षांचा हा पियानोवादक आपली श्रवणशक्ती कमी होत असल्याचे लोकांपासून लपवत होता. या सोनाटाच्या पहिल्या भागात नेमके काय आहे आणि तेव्हा त्याच्या आयुष्यात काय सुरू होते, हे समजून घेऊया.

१८०१ पर्यंत बीथोव्हेन कुठे पोहोचला होता?

बीथोव्हेनचा जन्म जर्मनीतील बॉन शहरात झाला. १७ डिसेंबर १७७० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. आजोबा तिथल्या दरबारात संगीतप्रमुख, तर वडील योहान दरबारी गायक होते. वडिलांनी मुलाला लहानपणापासून कठोर शिस्तीत पियानोला बसवले. १७८७ मध्ये आई गेली. वडील दारूच्या आहारी गेले होते. दोन धाकट्या भावांची जबाबदारी विशीही न गाठलेल्या बीथोव्हेनवर आली. वडिलांचा अर्धा पगार आपल्या हातात मिळावा, यासाठी त्याला दरबारात अर्ज करावा लागला.

नोव्हेंबर १७९२ मध्ये तो हायडनकडे शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेला आणि तिथेच राहिला. १७९५ पासून तो जाहीर कार्यक्रमांत वाजवू लागला. आयत्या वेळी मनाने रचून वाजवण्यात त्याचा हात धरणारा शहरात फारसा कोणी नव्हता. २ एप्रिल १८०० रोजी त्याची पहिली सिम्फनी सादर झाली. त्याच वर्षी प्रिन्स लिश्नोव्स्की यांनी त्याला वर्षाला ६०० फ्लोरिनचे मानधन सुरू केले. शिकवण्या होत्या, प्रकाशक दारात येत होते. बाहेरून पाहिले तर सगळे सुरळीत होते.

कानांना काय झाले होते?

सुमारे १७९८ पासून त्याला ऐकण्याचा त्रास सुरू झाला. २९ जून १८०१ रोजी बॉनमधील डॉक्टर मित्र फ्रान्झ वेगेलर याला लिहिलेल्या पत्रात त्याने पहिल्यांदा मोकळेपणाने हे सांगितले. कानांत रात्रंदिवस आवाज घुमत होते. नाटकगृहात अगदी पुढे बसल्याशिवाय नटाचे बोलणे कळत नव्हते. लांबून वाद्यांचे उंच सूर ऐकू येत नव्हते. संगीतकाराला बहिरेपण आल्याचे कोणाला सांगायचे कसे, या विचाराने त्याने दोन वर्षे लोकांत मिसळणे टाळले होते. बदामाचे तेल, डॅन्यूब नदीच्या पाण्याने स्नान असे उपाय सुरू होते.

हा सोनाटा पूर्ण बहिऱ्या माणसाने लिहिला, असे अनेक व्हिडीओंत सांगितले जाते. ते चुकीचे आहे. १८०१ मध्ये त्याला ऐकू येत होते आणि त्यानंतरही १८१४ पर्यंत तो लोकांसमोर पियानो वाजवत होता. पण आपले ऐकणे दिवसेंदिवस कमी होत आहे, हे त्याला कळत होते.

‘मूनलाइट’ हे नाव कुठून आले?

समीक्षक आणि कवी लुडविग रेलश्टाब याने या संगीताची तुलना तळ्यावरच्या चांदण्याशी केली. ती कल्पना लोकांना आवडली आणि बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर ते नाव चिकटले. मार्च १८०२ मध्ये छापलेल्या प्रतीवर मात्र वेगळेच शीर्षक आहे. त्याचा अर्थ साधारण ‘जवळजवळ कल्पनाविलास वाटावा असा सोनाटा’ असा होतो. म्हणजे ठरलेल्या साच्यातून बाहेर पडतो आहोत, एवढे त्याने आधीच सांगून ठेवले होते.

साचा कोणता आणि तो मोडला कसा?

सोनाटा म्हणजे एका किंवा दोन वाद्यांसाठीची, सहसा तीन-चार भागांची रचना. त्या काळी पहिला भाग बहुधा द्रुत असे. त्यात एकमेकांपेक्षा वेगळ्या अशा दोन कल्पना मांडायच्या, मग त्यांची उलटापालट करायची आणि शेवटी दोन्ही मूळ पट्टीत परत आणायच्या, अशी पद्धत होती. संथ भाग त्यानंतर येई.

बीथोव्हेनने संथ भागच सुरुवातीला ठेवला. त्यात दोन कल्पनांचा सामना नाही. पहिल्या बारपासून जवळजवळ शेवटपर्यंत एकच हालचाल सुरू राहते. बार म्हणजे आपल्या आवर्तनासारखे मोजणीचे एकक. असे एकूण ६९ बार आहेत.

पहिल्या भागात नेमके काय वाजते?

ही रचना सी शार्प मायनरमध्ये आहे. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर ‘काळी एक’ हा षड्ज, आणि गंधार, धैवत, निषाद कोमल. उजवा हात पंचम, षड्ज आणि कोमल गंधार असे तीन स्वर ओळीने वाजवत राहतो. एका बारमध्ये अशी चार त्रिकुटे, म्हणजे १२ स्वर.

डावा हात खर्जात षड्जावरून निघतो. कोमल निषाद, कोमल धैवत, मध्यम असे उतरत तो पंचमावर येतो. याच उतारात, तिसऱ्या बारमध्ये, कोमल रिषभ डोकावतो. तो या पट्टीतला नेहमीचा स्वर नाही. अजून मुख्य धून सुरूही झालेली नसते, तरी ऐकणाऱ्याला जमीन किंचित सरकल्यासारखी वाटते, ती या स्वरामुळे.

पाचव्या बारच्या शेवटी धून येते. तीही कशी? फक्त पंचम, म्हणजे ‘काळी चार’, पुन्हा पुन्हा. चालत जाणाऱ्या अंत्ययात्रेसारखी तिची लय आहे. नवव्या बारला संगीत मेजर पट्टीत जाते, थोडा उजेड पडल्यासारखे वाटते आणि पुढच्याच बारमध्ये गंधार पुन्हा कोमल होतो. आशा दाखवून लगेच काढून घेण्याचा हा प्रकार पुढेही होतो.

दोन लयींचे गणित काय?

खालची त्रिकुटे मात्रेचे तीन भाग करतात, तर वरची धून त्याच मात्रेचे चार भाग करते. एका मात्रेचे १२ सूक्ष्म भाग केले तर त्रिकुटातला शेवटचा स्वर आठ भाग संपल्यावर पडतो आणि धुनेतला छोटा स्वर नऊ भाग संपल्यावर. दोघांत फक्त एका भागाचे अंतर. म्हणून धून साथीत मिसळून जात नाही, तिच्या किंचित मागे राहते. वाजवणाऱ्याची कसोटी इथेच लागते, कारण हे दोन्ही काम बराच वेळ उजव्या हातालाच करावे लागते.

मधल्या टप्प्यात खर्ज दहाहून अधिक बार पंचमावरच थांबतो. तानपुऱ्याची एकच तार छेडत राहावी तसा. त्यावर त्रिकुटे वर चढतात, खाली येतात, पण आवाज मोठा होत नाही. या संपूर्ण भागात जोरात वाजवा अशी सूचना एकदाही नाही. ४२व्या बारला सुरुवातीची धून परत येते. ६०व्या बारपासून तीच अंत्ययात्रेची लय डाव्या हातात, खोल खर्जात जाते. दोन हळुवार कॉर्डवर सगळे थांबते.

पुढे पियानोवादक एडविन फिशर यांनी व्हिएन्नातील संग्रहात असलेल्या बीथोव्हेनच्या हस्ताक्षरातील एका कागदाकडे लक्ष वेधले. त्यावर मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ ऑपेरातील एका मृत्यूच्या प्रसंगाचे संगीत उतरवलेले होते. त्या प्रसंगातही साथीला तीन-तीन स्वरांचीच हालचाल आहे.

पेडलबाबत वेगळी सूचना का?

हा संपूर्ण भाग अतिशय नाजूकपणे आणि तारांचा आवाज न अडवता वाजवावा, असे बीथोव्हेनने लिहून ठेवले आहे. म्हणजे आधीचे स्वर घुमत असतानाच पुढचे स्वर त्यात मिसळतात. तेव्हाच्या पियानोची चौकट लाकडी होती, हातोड्यांवर चामडे असे आणि स्वर लवकर विरत. आजच्या मोठ्या पियानोवर स्वर बराच वेळ टिकतो. त्यामुळे सूचना तंतोतंत पाळली तर गोंगाट होतो. म्हणून बहुतेक वादक पेडल बदलत वाजवतात.

प्रेमकथेत तथ्य किती?

हा सोनाटा काउंटेस जुलिएटा ग्विचार्डी या तरुण शिष्येला अर्पण केला आहे. नोव्हेंबर १८०१ मध्ये वेगेलरला लिहिलेल्या पत्रात बीथोव्हेनने एका मुलीविषयी लिहिले आणि ती आपल्या बरोबरीच्या सामाजिक स्तरातली नसल्याचेही सांगितले. ती मुलगी जुलिएटाच असावी, असे मानले जाते. तिने १८०३ मध्ये एका काउंटशी लग्न केले.

पण खुद्द जुलिएटाने उतारवयात वेगळी हकिकत सांगितली. बीथोव्हेनने तिला आधी दुसरीच रचना दिली होती. ती लिश्नोव्स्की घराण्यातील स्त्रीला अर्पण करण्यासाठी त्याने परत घेतली आणि बदल्यात हा सोनाटा दिला. त्यामुळे ही रचना तिच्यासाठीच लिहिली, असे म्हणता येत नाही.

पुढे काय झाले?

१८०२ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने तो हायलिगेनश्टाट या गावी विश्रांतीसाठी गेला. तिथे ऑक्टोबरमध्ये त्याने भावांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात जीव देण्याचा विचार मनात आल्याचे आणि संगीतानेच आपल्याला थांबवल्याचे त्याने नोंदवले. ते पत्र त्याने पाठवले नाही. मृत्यूनंतर ते त्याच्या कागदपत्रांत सापडले. १८१८ पासून लोक त्याच्याशी वहीत लिहून बोलू लागले. ७ मे १८२४ रोजी नववी सिम्फनी झाली, तेव्हा टाळ्या दिसाव्यात म्हणून त्याला प्रेक्षकांकडे वळवावे लागले. २६ मार्च १८२७ रोजी व्हिएन्नात त्याचे निधन झाले.

मूनलाइट सोनाटाच्या लोकप्रियतेचा त्याला कंटाळा आला होता. याहून चांगले आपण बरेच लिहिले आहे, असे त्याचे म्हणणे असल्याचे शिष्य कार्ल चेर्नी याने नोंदवले आहे.

ऐकायचे कसे?

बहुतेक प्लेलिस्टमध्ये फक्त पहिला भाग असतो. बीथोव्हेनने मात्र तो संपताच न थांबता पुढचा भाग सुरू करण्याची सूचना दिली आहे. दुसऱ्या भागात षड्ज तोच, काळी एक, पण स्वर शुद्ध होतात. तो छोटा आणि हलकाफुलका आहे. तिसऱ्या भागात पुन्हा कोमल गंधार येतो आणि पहिल्या भागातले पंचम, षड्ज, गंधार हेच तीन स्वर प्रचंड वेगाने वर झेपावतात. प्रत्येक झेपेच्या टोकाला दोन जोरदार आघात असतात. पहिल्या भागात ६९ बार दाबून ठेवलेला आवाज इथे मोकळा होतो. तिन्ही भागांना मिळून साधारण १५ मिनिटे लागतात. पुढच्या वेळी पहिला भाग संपल्यावर पुढचे गाणे लावू नका. उरलेले दोन भाग ऐकल्याशिवाय पहिला भाग इतका हळू का आहे, हे कळत नाही.