नवीन ओएस टाकली, पण सर्व्हर सुरूच होईना? आधी गॅरी किल्डॉल यांची गोष्ट वाचा

कॉम्प्युटर सुरू होताना एफ२ किंवा डिलीट बटण दाबलं की जी सेटिंगची स्क्रीन उघडते, तिला आपण सगळेच बायोस म्हणतो. हा शब्द ज्यांनी दिला ते गॅरी किल्डॉल. कॉम्प्युटरच्या इतिहासात हे नाव खूप मोठं आहे, पण बिल गेट्स जसे आपल्याला पाठ असतात तसे किल्डॉल नसतात. मला हे जरा अन्यायाचंच वाटतं.

किल्डॉल यांचा जन्म १९४२ सालचा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. घरची जहाजवाहतूक शिकवणारी शाळा होती. वॉशिंग्टन विद्यापीठातून १९७२ मध्ये त्यांनी कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी केली आणि कॅलिफोर्नियातल्या मॉंटरे इथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत ते शिकवत होते. याच काळात इंटेलचा ४००४ हा चिमुकला प्रोसेसर त्यांच्या हातात पडला. मग ते इंटेलचे सल्लागार झाले आणि तिथल्या प्रोसेसरसाठी त्यांनी पीएल/एम नावाची प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली.

फ्लॉपी ड्राइव्ह तेव्हा नवीन होता. किल्डॉलना एक ड्राइव्ह मिळाला, पण तो प्रोसेसरला जोडायला लागणारं कंट्रोलर सर्किट काही त्यांना जमेना. शेवटी जॉन टोरोड या मित्राने ते बनवून दिलं. १९७४ मध्ये फ्लॉपीवरून त्यांची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम चालली: सीपी/एम. इंटेलने ती घेतली नाही. मग किल्डॉल आणि त्यांची पत्नी डोरोथी यांनी पॅसिफिक ग्रोव्ह गावात स्वतःचीच कंपनी काढली. तिचं नाव पुढे डिजिटल रिसर्च झालं.

आता खरी गंमत. त्या काळी प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, प्रत्येकाचा डिस्क कंट्रोलर वेगळा. म्हणजे दर नव्या मशीनसाठी सिस्टीममध्ये पुन्हा तोडफोड! किल्डॉलनी हार्डवेअरशी थेट बोलणारा सगळा कोड बाजूला काढला आणि त्या छोट्या भागाला बायोस म्हटलं. नवीन मशीन आलं की फक्त तेवढा भाग बदलायचा, बाकी सीपी/एम जशीच्या तशी. सीपी/एमचा बायोस फ्लॉपीवरच असायचा. आयबीएम पीसीमध्ये त्याच नावाचा कोड मदरबोर्डवरच्या चिपमध्ये गेला आणि बूट करून देण्याचं कामही त्याच्याकडे आलं.

मी सर्व्हर सेटअपची कामं करतो आणि नवीन ओएस टाकल्यावर मशीन अडलं की बहुतेक वेळा या दोन भागांच्या सीमेवरच अडलेलं असतं. मागे एका छोट्या ऑफिसात टॉवर सर्व्हरवर लिनक्स टाकून झालं होतं. इन्स्टॉलेशन शंभर टक्के पूर्ण, एरर एकही नाही. पेन ड्राइव्ह काढून रिस्टार्ट केलं, तर बूट करण्यासारखी डिस्कच नाही असा मेसेज. तिथल्या मुलांनी तीनदा पुन्हा इन्स्टॉल केलं होतं आणि आता नवीन डिस्क मागवायच्या बेतात होते. मी आधी बायोस उघडून पाहिलं. डिस्क यादीत दिसत होती, म्हणजे केबल आणि डिस्क ठीक. मग बूट मेनू उघडला, तर पेन ड्राइव्ह दोनदा दिसला: एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय असं लिहिलेला. मुलं दर वेळी नुसता निवडत होती!

यूईएफआय म्हणजे बायोसचा आजचा वारसदार. जुन्या पद्धतीत मशीन डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचतं आणि तिथून पुढे जातं. यूईएफआय मात्र एका खास छोट्या पार्टिशनमधली बूट फाइल शोधतं. इन्स्टॉलर ज्या पद्धतीने सुरू होतो, साधारण त्याच पद्धतीने तो बूटलोडर टाकतो. इथे पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने चालला होता आणि डिस्कसाठी सेटिंग होतं फक्त यूईएफआय. ओएस डिस्कवर होती, पण मशीन तिला भलत्याच जागी शोधत होतं. यूईएफआयवाला पेन ड्राइव्ह निवडून एकदा इन्स्टॉल केलं, सर्व्हर सुरू. नवी डिस्क वाचली.

तुमच्याकडे असं झालं तर क्रम हाच ठेवा: डिस्क दिसते का, बूटच्या क्रमात ती वर आहे का, दोन्हीकडची पद्धत एकच आहे का. रेड कार्ड असेल तर त्याच्या मेनूत बूटसाठी योग्य व्हॉल्यूम निवडलाय का, तेही बघा. एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर बूटलोडर भलत्याच डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवरच गेलेला असू शकतो. पुन्हा फॉरमॅट हा उपाय सगळ्यात शेवटी.

किल्डॉलकडे परत येऊ. १९८० मध्ये आयबीएमची माणसं पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टीम शोधत पॅसिफिक ग्रोव्हला आली. किल्डॉल त्या दिवशी विमान उडवत मौज करत होते, असं अजूनही सांगितलं जातं. खरं तर ते स्वतःचं विमान घेऊन कंपनीच्याच कामाला गेले होते. आयबीएमने पुढे केलेल्या गोपनीयतेच्या करारावर डोरोथींनी सही केली नाही. व्यवहार फिसकटला आणि मायक्रोसॉफ्टने सिएटलच्याच एका कंपनीची सिस्टीम मिळवून आयबीएमला दिली. प्रोग्रॅमनी सिस्टीमकडून काम करून घेण्याची तिची पद्धत सीपी/एमच्या धर्तीवर होती. ड्राइव्हला ए, बी अशी अक्षरं देण्याची सवयही तिथूनच आली, आणि विंडोजमधला तुमचा सी ड्राइव्ह त्याच माळेतला. किल्डॉलनी तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एमही विकायला ठेवली, पण ती २४० डॉलरला आणि डॉस ४० डॉलरला. लोकांनी काय घेतलं असेल ते सांगायला नकोच.

पुढे किल्डॉल टीव्हीवर कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या कार्यक्रमाचे सहनिवेदक झाले, सीडी-रॉमवर विश्वकोश आणण्याच्या कामातही ते होते. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेलला विकली गेली. ११ जुलै १९९४ रोजी, डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर, मॉंटरेमध्ये त्यांचं निधन झालं. वय फक्त ५२. पॅसिफिक ग्रोव्हमधल्या कंपनीच्या जुन्या घरासमोर २०१४ मध्ये आयईईई संस्थेने सीपी/एमच्या स्मरणार्थ एक फलक बसवला.