सही झाकली तरी ओळखू येणारे दीनानाथ दलाल

कुणकेश्वर (ता. देवगड) : कुणकेश्वरचं देऊळ आणि त्याला लागून असलेला समुद्र कागदावर उतरवणारी मुलं आपल्याकडे गावोगाव आहेत. फोटो बघून हुबेहूब काढणंही कित्येकांना जमतं. पण नाव न वाचता चित्र कोणाचं ते कळावं, हे फार थोड्यांना साधतं. आपल्याच किनाऱ्यावर, खाली गोव्यात ३० मे १९१६ रोजी जन्मलेल्या दीनानाथ दलाल यांना ते साधलं.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते पुस्तकांची मुखपृष्ठं आणि कथांची चित्रं काढू लागले. त्या काळी आतली चित्रं धातूच्या ठशावरून, बहुतेक एकाच शाईत छापली जात. साध्या कागदावर बारीक छटा गिचमिड व्हायच्या. टिकायची ती रेघ. दलालांनी रेघेवरच भर दिला. मोजक्या फटकाऱ्यांत मान, डोळे, पदराची चुणी उभी राहायची. बाकी कागद कोराच.

गोव्याचेच रघुवीर मुळगावकर त्याच काळात गाजत होते. त्यांची देवदेवतांची गुळगुळीत, तेजाळ चित्रं कॅलेंडरवरून घराघरांत गेली. लोकांना ती आवडत होती, तरी दलाल त्या वाटेला गेले नाहीत. अंगावरची झळाळी त्यांनी सोडली आणि ठसठशीत रेघ, सपाट रंग धरले. दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर सही बघायची गरजच पडत नाही.

दुसऱ्याच्या मजकुरासाठी चित्र काढणाऱ्याला मर्जी सांभाळावी लागते. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचं 'दीपावली' सुरू केलं. तिथे कुठलं चित्र छापायचं, हे ठरवणारे तेच. लोक दिवाळी अंकातली त्यांची रंगीत चित्रं कापून भिंतीवर लावत.

विषय बदलला की ते कुंचला, रंग, मांडणी बदलायचे. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'राजा शिवछत्रपती'तली त्यांची चित्रं आणि कथेतली नाजूक नायिका अगदी वेगळी. हात मात्र एकच.

१५ जानेवारी १९७१ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. जुना दिवाळी अंक माळ्यावर सापडला, तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. आणि घरात चित्र काढणारं पोर असेल, तर त्यालाही दाखवा.