तुकोबांचा चेहरा : नटवर्य विष्णुपंत पागनीस

पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांतील जुन्या मराठी घरांत गेले, की देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर श्रीतुकोबांची तसबीर बहुधा दिसतेच. डोईला पागोटे, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ, हाती वीणा आणि डोळे अर्धवट मिटलेले. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा संत्र्याचा व कपाशीचा मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हाही झाला. कचेरीचा कारभार हिंदीत गेला, पण एकादशीचे भजन मराठीच राहिले आणि भिंतीवरच्या तसबिरीही जागच्या हलल्या नाहीत. आता त्या तसबिरीतला चेहरा कोणाचा, असे कोणी विचारले तर घरातली आजीबाई त्या विचारणाऱ्याकडेच चमत्कारिक नजरेने पाहील. तुकोबांचा, दुसऱ्या कोणाचा असणार?

परंतु तुकोबांचे त्यांच्या हयातीत काढलेले सर्वमान्य असे चित्र आपल्यापाशी नाही. आज घरोघर ज्या तसबिरी दिसतात, त्यांतल्या पुष्कळांचा नमुना १९३६ सालच्या एका बोलपटातून आलेला आहे. म्हणजे आपण ज्याच्यापुढे हात जोडतो तो चेहरा एका नटाचा आहे. आणि त्या नटाचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात राहिले आहे. विष्णुपंत पागनीस हे ते नाव.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील चिकोडीचा. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते कोल्हापुरात नाटकात आले. ते कोल्हापूर शाहू छत्रपतींचे होते. दरबारी अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई होता, आणि गळा असलेल्या मुलाकडे नाटक मंडळ्यांचे लक्ष असे. अशा मुलाला मंडळीत घेतले, की प्रथम लुगडे नेसायला शिकवीत. विष्णुपंतांचेही तेच झाले. ज्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत केशवराव भोसले बालवयात गाजले, त्याच मंडळीत विष्णुपंत स्त्रीभूमिका करू लागले आणि गाणारे स्त्रीपार्टी नट म्हणून त्यांचा लौकिक झाला.

स्त्रीपार्टी नटाचे जिणे आजच्या वाचकाला नीट कळायचे नाही. पहाटे मेहनत, दुपारी तालीम, रात्रभर नाटक आणि दुसऱ्या गावी बिऱ्हाड. चालणे, बसणे, मान वळविणे, पदर सावरणे हे सारे इतके अंगवळणी पडावे लागे, की रंग उतरल्यावरही ते अंगातून जात नसे. गळा फुटला, मिशी आली, अंग सुटले म्हणजे मंडळीत त्याची किंमत उतरत असे. काही नट त्यातून पुरुषभूमिकांकडे वळले, कित्येकांचे पुढे काय झाले याची कोणी चौकशीही केली नाही. त्यात बोलपट आला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोटे तारामती म्हणून उभ्या राहिल्या, आणि लुगडे नेसणाऱ्या पुरुषाची रंगभूमीवरची जागाही पाहता पाहता आखूड होत गेली.

विष्णुपंत रंगभूमीपासून दूर झाले ते मुंबईत संगीतशिक्षक होऊन. शिकवणी आणि भजन, एवढाच त्यांचा व्याप उरला. शिकवणीचा धंदा स्वतः करीत असल्यामुळे मला त्यांच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, जरी त्याविषयी लिहिले गेले आहे ते अगदी थोडे. टाळ्या घेण्यासाठी गाणारा माणूस वर्षानुवर्षे मुलांना सूर लावून देतो, तेव्हा त्याच्या गळ्यातला डामडौल आपोआप झडतो. भजनाचेही तसेच. नाट्यपदात तान ही नटाची मिरास. अभंगात शब्द आधी आणि तान असलीच तर मागून. आमच्याकडे येणारी चुणचुणीत मुले अभंगात पहिल्याच कडव्याला मुरक्या घालतात, त्यांना हे पटवायला दोन दोन वर्षे लागतात. विष्णुपंतांना ते पटले होते.

इकडे पुण्यात प्रभात कंपनीने १९३५ साली ‘धर्मात्मा’ काढला होता. त्यात संत एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व होते. महाराष्ट्राच्या लाडक्या गायक नटाला पुरुषवेषात पाहायला लोक आले खरे, पण चित्र अपेक्षेइतके चालले नाही आणि बालगंधर्वांचे मन त्या धंद्यात रमले नाही. पुढल्याच वर्षी विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल ही दिग्दर्शकद्वयी ‘संत तुकाराम’ करायला निघाली आणि तुकोबांसाठी त्यांनी निवडले पागनीसांना, म्हणजे पुन्हा एका स्त्रीपार्टी नटाला! शांतारामबापूंचा या निवडीला विरोध होता. पागनीसांच्या हालचालींत बायकी ढब आहे, ती तुकोबांना शोभणार नाही, असा त्यांचा आक्षेप. दामले-फत्तेलालांना मात्र तेच मार्दव संतकवीला साजेसे वाटले आणि त्यांनी आपला हेका सोडला नाही.

या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पडद्यावर पाहावे : तुकोबा चालतात ते पाऊल न वाजविता, बोलतात ते मान किंचित कलती ठेवून, आणि जिजाईच्या तोफखान्यापुढे उभे राहतात ते अपराधी मुलासारखे. ही सारी जुन्या भूमिकांचीच कमाई आहे. फक्त तिच्यातला नखरा गेला आहे. जिजाईचे काम करणारी गौरी ही प्रभातमध्येच किरकोळ कामे करीत वर आलेली. तिच्या रोखठोक बोलण्यापुढे एखादा भारदस्त पुरुषी तुकाराम उभा केला असता, तर तो केवळ नवराबायकोचा तंटा झाला असता.

गाण्याची गोष्ट याहून विशेष. शिवराम वाशीकरांच्या कथेत भागवतांनी केलेला सालोमालो आहे. तुकोबांचा अभंग तो आपल्या नावावर खपवितो आणि हातवारे, मुरक्या यांसह नाटकी थाटात आळवितो. शब्द तेच, गाणे मात्र दुसरे. चित्र सुरू होताच हे दोन्ही प्रकार प्रेक्षकाला ऐकायला मिळतात. ज्या नाटकी गायकीची अशी थट्टा केली आहे, तीच विष्णुपंतांची तरुणपणची विद्या होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रसंगाची खरी खुमारी कळते. विष्णुपंत स्वतः गायले आहेत. आवाज फार मोठा नाही, पण शब्द कोठेही गिळलेला नाही. केशवराव भोळ्यांनी संगीत देताना भजनाचे साधेपण जपले, आणि शांताराम आठवल्यांनी त्यात स्वतःचे एक पद इतके बेमालूम रचून घातले, की अनेकांनी ते गाथेतलेच मानले. एवढी फसगत व्हायला नुसती शब्दरचना पुरत नाही; विष्णुपंतांच्या गळ्याचाही त्यात वाटा आहे.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात ‘संत तुकाराम’ लागला आणि एकाच ठिकाणी ५७ आठवडे चालला. आपल्या देशात एका चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चाललेला हा पहिलाच चित्रपट. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. पण विष्णुपंतांच्या आयुष्यात उलथापालथ झाली ती या आकड्यांनी नव्हे. भूमिका पत्करल्यावर ते देहूला दर्शनाला गेले होते. काम संपल्यावरही त्यांनी देहूची वाट सोडली नाही, ती अखेरपर्यंत. लोकांनाही नट आणि संत वेगळे करता येईनात. छापखान्यांनी त्यांच्या वेषातल्या छायाचित्रांवरून तसबिरी काढल्या आणि त्या देवघरांत जाऊन बसल्या.

नटाच्या दृष्टीने हे भाग्य की बंधन? मला वाटते, बंधनच अधिक. पुढे त्यांच्याकडे आल्या त्या भूमिका साऱ्या एकाच साच्याच्या. १९३९ साली रणजित कंपनीचा ‘संत तुलसीदास’, त्यात लीला चिटणीसांबरोबर. १९४० साली प्रकाश कंपनीकडे विजय भट्टांच्या दिग्दर्शनाखाली ‘नरसी भगत’, त्यात दुर्गाबाई खोट्यांबरोबर. तुकोबा, तुलसीदास, नरसी मेहता. मराठी, हिंदी, गुजराती अशा तीन भाषांचे भक्त एकाच नटाने उभे केले. तरी एखादा खट्याळ म्हातारा, एखादा लोभी सावकार, एखादा थकलेला गवई त्यांच्या वाट्याला यायला हवा होता. ज्याने तरुणपणी नायिका रंगविल्या, त्याला पन्नाशीत एवढे सहज साधले असते.

१९४३ साली त्यांचे ‘भक्तराज’ आणि ‘महात्मा विदुर’ हे दोन चित्रपट आले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मुंबईत विष्णुपंतांचे देहावसान झाले. वयाची एकावन्न वर्षे पुरी व्हायला महिनाभरही उरला नव्हता.