बाबांच्या यादीतलं शेवटचं काम

मैत्रिणींनो, तुमच्या मुलाची किंवा मुलीची पदवीची गुणपत्रिका एकदा काढून बघा. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या कॉलेजात शिकली असतील तर वर नाव दिसेल, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. २००५ मध्ये विद्यापीठाला हे नाव मिळालं. ज्या माणसाच्या नशिबी पाटी-पेन्सिल आली नाही, त्याच्या नावावर आज आपली पोरं पदवीधर होतात! पण बाबा म्हटलं की आपल्याला आठवतो तो खराटा आणि ग्रामस्वच्छता अभियान. मला मात्र आज त्यांच्याविषयी लिहायचंय ते वेगळ्या कारणानं. आजारी, टाकलेल्या, रस्त्यावरच्या माणसाला आधी काय द्यायचं, हे या माणसाला फार नेमकं कळलं होतं.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परटाच्या घरी डेबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला. पोरगं मामाच्या घरी गुरं राखत, शेतात राबत मोठं झालं. कुंताबाईंशी लग्न झालं, लेकरं झाली. त्या काळी बारशाला दारू-मटणाचं जेवण घालायची रीत होती. डेबूजीनं लेकीच्या बारशाला गोड जेवण घातलं. भावकी नाराज झाली, पण बाटलीनं बाप गेलेला पोरगा मागे हटला नाही. मामाची कसदार जमीन सावकाराच्या घशात गेली, तेव्हा कर्ज आणि अडाणीपण काय करतं तेही त्यानं जवळून पाहिलं.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजी घर सोडून निघाला. मागे म्हातारी आई, तरुण बायको आणि लहान लेकरं. आपल्या पुरवणीत हे लिहिताना इथे थांबावंच लागतं. बाबांवर पुस्तकं निघाली, प्रबोधनकार ठाकऱ्यांनी चरित्र लिहिलं, डॉ. श्रीराम लागूंचा ‘देवकीनंदन गोपाला’ १९७७ मध्ये आला. पण कुंताबाईंनी ते दिवस कसे रेटले असतील, त्याची जयंती कोणी करत नाही. पुढे बाबांच्या नावावर लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी घरच्या माणसांना त्यांनी त्या कारभाराजवळ फिरकू दिलं नाही. लोकांच्या पैशाला बोट लावायचं नाही हा त्यांचा नेम होता. त्या नेमाची किंमत घरातल्या बाईनं मोजली, हेही आपण लक्षात ठेवू या.

बारा वर्षं हा माणूस गावोगाव फिरला. अंगावर ठिगळांचा अंगरखा, डोक्यावर मातीचं गाडगं, हातात काठी, एका कानात कवडी तर दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. नवख्या गावात पोरं मागे लागायची. लोक वेडा समजून हाकलायचे. मला बाबांच्या आयुष्यातली ही बारा वर्षं फार मोलाची वाटतात. वेड्यासारख्या दिसणाऱ्या माणसाशी गाव कसं वागतं, कोण भाकर देतो आणि कोण दगड मारतो, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिलं होतं. नंतर ज्यांची सेवा केली, त्यांच्या रांगेत ते आधी उभे राहिले होते.

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तिथे चिखलात बायाबापड्यांचे पाय घसरायचे. बाबांनी आधी स्वतः राबून वाट नीट केली, पुढे घाट बांधून घेतला. यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यायचे. लोक त्यांच्यापासून अंग चोरायचे. बाबा त्यांना पंगतीत बसवून पोटभर जेवू घालायचे, अंगावर घालायला कपडे द्यायचे. स्वतः चिंध्या नेसायचे, पण दुसऱ्याला धडका कपडा मिळावा हा आग्रह! सकाळी खराटा, रात्री कीर्तन. कीर्तनात नवसाच्या बोकडापासून अंगाऱ्या-धुपाऱ्यापर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायचे. आजार अंगात आला तर औषध घ्या, देवाला कोंबडं कापू नका, हे हसत-हसवत गळी उतरवायचे. १९२३ मध्ये कोकणात कीर्तन चालू असताना तरुण मुलगा गोविंदा गेल्याची खबर आली. कीर्तन थांबलं नाही.

मग धर्मशाळा उभ्या राहू लागल्या. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाची, नाशिकला, देहूला, आळंदीला. पंढरपूरची ती धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. यातलं मला सर्वात जवळचं वाटतं ते मुंबईचं काम. जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यातून पेशंट यायचे. पेशंटला खाट मिळायची, पण सोबत आलेल्या आईनं, बायकोनं जायचं कुठे? त्या फुटपाथवर झोपायच्या. बाबांनी १९५४ मध्ये तिथे धर्मशाळा बांधून घेतली. आजाऱ्याची सेवा म्हणजे नुसती गोळी-इंजेक्शन नाही. अंग टेकायला जागा, आंघोळीला पाणी, जवळचं माणूस, हेही औषधच. पुढे त्यांच्या मिशननं दादरलाही धर्मशाळा चालवली. कर्करोगाच्या उपचारांसाठी मुंबईला जाणाऱ्या कितीतरी वऱ्हाडी कुटुंबांना तिचा आधार मिळाला.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

बाबांच्या शिकवणीची दहा कामांची यादी तुम्ही कुठल्यातरी भिंतीवर वाचलीच असेल. भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, बेघराला आसरा, रोग्याला औषध, अशी ती पुढे जाते. शेवटचं, दहावं काम आहे दुःखी आणि निराश माणसाला हिंमत देण्याचं. मनाच्या आजाराबद्दल आज जे बोललं जातं, ते या यादीत केव्हाच येऊन बसलंय. आणि क्रमही बघा. आधी पोट, मग कपडा, मग छप्पर, मग औषध, आणि मग हिंमत. उघड्यानागड्या माणसाला धीराचे शब्द ऐकवून उपयोग नाही, हे बाबांना ठाऊक होतं.

ही यादी आपल्या जिल्ह्यात फार गरजेची आहे. पिंपळगाव सराईजवळचं सैलानी सगळ्यांना माहीत आहे. होळीच्या यात्रेला सगळ्या धर्मांचे लोक येतात. त्यात मनाचा आजार जडलेल्या माणसाला घेऊन आलेली कितीतरी घरं असतात. त्यांच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. नागपूरचं मनोरुग्णालय इथून तीनशे किलोमीटरहून लांब. थकलेली आई जाईल तरी कुठे? पण घरचे परतले आणि माणूस मागेच राहिला, असंही होतं. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला ‘सेवासंकल्प’ हा प्रकल्प रस्त्यावरच्या अशा बेवारस मनोरुग्णांना सांभाळतो. तिथेही सुरुवात बाबांच्याच क्रमानं होते. आधी आंघोळ, स्वच्छ कपडे, जेवण. मग बाकीचं.

मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा यापेक्षा वेगळं काय सांगतो? मनोरुग्णाला साखळीनं बांधायचं नाही. जबरदस्तीनं डोकं भादरायचं नाही. त्याला हवे तर स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत, अंग झाकेल असे कपडे मिळाले पाहिजेत. आणि बायकांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्याच पाहिजेत. हा हक्क आहे, उपकार नव्हे. आपण चारचौघीत ज्याविषयी कुजबुजतो, ते संसदेनं कायद्यात लिहून ठेवलंय.

म्हणून यंदा २० डिसेंबरला गाव झाडाच, पण एवढ्यावर थांबू नका. भिशीच्या ग्रुपनं, बचत गटानं मिळून एखाद्या मनोरुग्णालयाला किंवा निवासी प्रकल्पाला आधी फोन करून विचारा, काय लागतं? सुती गाऊन, आतले कपडे, पॅड, साबण, खोबरेल तेल, टॉवेल, थंडीसाठी ब्लँकेट, असंच साधंसुधं सांगतील. कपाटातला विटलेला ढीग देऊन मोकळं होऊ नका. आपण स्वतः वापरू असंच द्या. जमलं तर तासभर बसा, कोणाच्या केसांना तेल लावून वेणी घाला. ज्या बाईला वर्षानुवर्षं कोणी मायेनं हात लावला नाही, तिच्यासाठी ती वेणीच हिंमत ठरेल.