सहा टिंबांचा शिल्पकार : लुई ब्रेल

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या कूपव्रे या गावी झाला. वडील जीनगर होते. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कामाच्या जागी खेळत असताना चामड्याला भोक पाडण्याची आरी त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यालाही झाला आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्णपणे गेली.

१८१९ मध्ये लुई पॅरिसच्या शाही अंध विद्यालयात दाखल झाला. तेथे उठावाच्या रोमन अक्षरांतील पुस्तके होती. परंतु ती जाडजूड, महाग आणि मोजकीच होती. प्रत्येक अक्षर चाचपून ओळखावे लागे. शिवाय अशी अक्षरे अंध व्यक्तीला स्वतः लिहिता येत नसत.

पुढे चार्ल्स बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याने उठावाच्या बारा टिंबांची पद्धत विद्यालयापुढे मांडली. ती केवळ ध्वनींवर आधारलेली होती आणि तिचे चिन्ह एका बोटाखाली मावत नसे. लुईने हे दोष हेरले. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने दोन उभ्या ओळींत तीन-तीन अशी सहा टिंबांची रचना सिद्ध केली. तिच्यापासून ६३ चिन्हे तयार होतात. १८२९ मध्ये ही लिपी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

ब्रेल पुढे त्याच विद्यालयात शिक्षक झाले. विद्यार्थ्यांनी ही लिपी आनंदाने स्वीकारली. परंतु वेगळ्या लिपीमुळे अंधजन समाजापासून तुटतील, असे अनेक डोळस शिक्षकांना वाटे. ब्रेल यांनी या आक्षेपाला कृतीने उत्तर दिले. डोळसांनाही वाचता येतील अशी अक्षरे टिंबांनी लिहिण्याची पद्धत त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. पिएर फूको या अंध सहकाऱ्याने त्यासाठी यंत्रही बनवले. तरीही काही वर्षे विद्यालयात ब्रेल लिपीला मनाई होती. विद्यार्थी ती लपूनछपून वापरत राहिले.

६ जानेवारी १८५२ रोजी क्षयरोगाने ब्रेल यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, विद्यालयाने या लिपीला अधिकृत मान्यता दिली. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

भारतात १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल स्वीकारण्यात आली; मराठीही तिच्यातून लिहिली जाते. आज संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर बारीक खुंट्या वर-खाली होतात आणि पडद्यावरील मजकूर बोटांना वाचता येतो. यंत्रे बदलली, तरी त्यांचा पाया त्या पंधरा वर्षांच्या मुलाने शोधलेली टिंबेच आहेत.