धर्मानंद कोसंबी : भिक्षेच्या आधारे देशोदेशी

प्रवासखर्चाची कोणतीही निश्चित तरतूद नसताना केवळ ज्ञानाच्या ओढीने नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश गाठणारे पाली भाषेचे थोर पंडित म्हणजे धर्मानंद कोसंबी. त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच झाले होते. मात्र ‘बालबोध’ या मासिकातील बुद्धचरित्राने त्यांच्या आयुष्याला वेगळी दिशा दिली.

१८९९च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पत्नी बाळाबाई आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून त्यांनी घर सोडले. पुणे आणि ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १९०२ साली खडतर प्रवास करून त्यांनी काठमांडू गाठले. पण तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. त्याच वर्षी ते श्रीलंकेस गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकू लागले. तेथे त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. विहारातील निवारा, भिक्षेतील अन्न आणि उपासकांनी दिलेले प्रवासभाडे हाच या भ्रमंतीचा आधार होता.

या भटकंतीची खरी किंमत मात्र घरच्यांना मोजावी लागली. सुमारे सात वर्षे बाळाबाईंना पतीविना काढावी लागली. १९०६ मध्ये कोसंबी गृहस्थाश्रमात परतले. विख्यात गणितज्ञ व इतिहासकार दामोदर कोसंबी हे त्यांचे पुत्र.

कलकत्त्यात पाली शिकवत असताना इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल हरिनाथ डे यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. बहुभाषाकोविद डे यांचे बालपण रायपूर येथे गेले होते. कलकत्ता विद्यापीठातील नोकरीने कोसंबींना स्थैर्य दिले होते. तरीही महाराष्ट्रात पालीचा प्रसार व्हावा या हेतूने त्यांनी ती सोडली आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे मानधन स्वीकारले.

१९१० साली ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे निमंत्रण आले. त्यानंतर आणखी तीन वेळा ते तेथे गेले. १९१२पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीच्या अभ्यासकांची एक पिढी घडविली. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात सहभागी होऊन त्यांनी कारावासही भोगला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र आणि ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ मराठी वाचकांसाठी त्यांचा चिरंतन ठेवा ठरला आहे.